आइसबॉक्सचा ह्युमिडॉर करायचा? मग आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या

सिगारचे दोन-चार बॉक्स घरात साठले की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, ठेवायचे कुठे. टेबलावरचा शोभेचा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारचा ओलावा टिकवणारी पेटी, बघता बघता भरतो, त्यावर ५० सिगार मावतात असं लिहिलेलं असतं पण जाड सिगार असतील तर ३०-३५ मध्येच झाकण कुरकुरायला लागतं, आणि स्वस्तातले असतील तर ते झाकण मुळातच नीट बसत नाही त्यामुळे ओलावा टिकत नाही तो नाहीच. मोठं कपाट घ्यायचं तर खर्च बघून माणूस गप्प बसतो. अशा वेळी पिकनिकला बर्फ घालून नेतो तो प्लास्टिकचा आइसबॉक्स हा खरंच भारी पर्याय आहे. दिसायला काही खास नाही, पण हवा धरून ठेवायच्या बाबतीत तो बऱ्याच लाकडी ह्युमिडॉरना मागे टाकतो.

आता काम तसं सोपं आहे, पण दोन ठिकाणी लोक हमखास घोळ घालतात. एक, बॉक्सचा वास पूर्ण न घालवता सिगार भरतात. दोन, ओलावा कमी पडेल या धास्तीने पाणीच पाणी करून ठेवतात. दुसऱ्या घोळापासूनच सुरू करू, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

पाणी किती लागतं हो खरं?

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटी लागते, तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. जुना नियम ७०-७० चा आहे, म्हणजे ७० टक्के ह्युमिडिटी आणि ७० अंश फॅरनहाइट, जे साधारण २१ सेल्सिअस होतं. हल्ली बरेच लोक ६५ वर ठेवतात, क्युबन सिगारवाले तर ६२ ते ६५ म्हणतात कारण त्या जरा कोरड्या असल्या की नीट जळतात. माझं मत विचाराल तर प्लास्टिकच्या बॉक्ससाठी ६५ धरून चाला, ७२ च्या वाट्याला जाऊ नका. ७५ च्या पुढे गेलात की बुरशीला आमंत्रण आणि ६० च्या बऱ्याच खाली सिगार पडून राहिली की तिच्यातली तेलं उडायला लागतात, ती काही पुन्हा पाणी देऊन परत येत नाहीत.

आता हिशोब बघा. ५० लिटरचा बॉक्स आहे, आत फक्त हवा आहे, तापमान २१ अंश. त्या हवेची ह्युमिडिटी ७० टक्के असताना तिच्यात पाणी असतं किती? पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. बारा-तेरा थेंब फक्त. आणि त्यातलं बरंचसं खोलीच्या हवेत आधीपासून असतंच. म्हणजे झाकण उघडून बंद केलं की जे कमी होतं ते तीन-चार थेंबांच्या घरात, आणि आपण त्यासाठी आत वाटीभर पाणी नाहीतर भिजवलेला स्पंज ठेवणार!

खरं पाणी पितं ते लाकूड आणि तंबाखू. घरात पडून असलेलं कोरडं लाकूड ७० टक्क्यांच्या हवेत नेलं तर एका किलोमागे ५० ग्रॅमच्या आसपास पाणी शोषून घेतं. शंभर सिगार म्हणजे ढोबळमानाने किलोभर तंबाखू, तोही पाणी घेतो नाहीतर सोडतो. म्हणजे बॉक्समध्ये हवा नगण्य आहे, सिगार आणि लाकूड हाच पाण्याचा साठा आहे, एकदा तो साठा बरोबर आकड्यावर आला की बॉक्स जवळपास स्वतःचं स्वतः सांभाळतो. आणि प्लास्टिक पाणी शोषतही नाही, बाहेरही जाऊ देत नाही, त्यामुळे जास्तीचं पाणी घातलंत तर ते जाणार कुठे? सिगारमध्येच.

बॉक्स कसला घ्यायचा

४० ते ५० लिटरचा बॉक्स सुरुवातीला बरा. घ्यायच्या आधी तुमच्याकडच्या सिगार बॉक्सची लांबी-रुंदी टेपने मोजून घ्या आणि आइसबॉक्सच्या आतलं माप तळाशी घ्या, वर नाही, कारण बहुतेकांच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात आणि वर दोन बॉक्स शेजारी बसतात ते खाली बसत नाहीत. सरळ भिंतींचा मिळाला तर सोनंच.

भिंतींच्या आत फोम असतो, त्यामुळे बाहेरचं तापमान दिवसा-रात्री वरखाली झालं तरी आत तो फरक हळू आणि कमी पोचतो. पण स्वस्तातल्या बॉक्सचं झाकण बऱ्याचदा आतून पोकळ असतं, फोम नाही आणि रबरी गॅस्केटही नाही. असा बॉक्स चालतच नाही असं नाही, पण निवड असेल तर फोमवालं झाकण आणि कडेने गॅस्केट बघून घ्या. नुसत्या थर्माकोलचा डबा मात्र नको, कडा झिजतात, तुकडे पडतात, झाकण कधीच घट्ट बसत नाही.

झाकण तपासायची युक्ती सोपी आहे. कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकत अडकत आली तर ठीक, सुळकन आली तर तिथे फट आहे. असं चारी बाजूंनी करा, कोपरे आणि बिजागरीची बाजू विसरू नका. दुसरी पद्धत म्हणजे आत टॉर्च चालू ठेवून झाकण लावायचं, खोलीत अंधार करायचा आणि उजेड कुठून येतो ते बघायचं. बारीक फटीसाठी गॅस्केटची पट्टी चिकटवता येते, पण तिचा गोंद आणि रबर दोन्ही आधी हुंगून बघा, काहींचा वास महिनोन् महिने जात नाही. आणि अगदी शंभर टक्के हवाबंद असण्याचा अट्टहासही नको, थोडीशी हवा खेळली तर बिघडत नाही.

जुना बॉक्स वापरायचा असेल तर आत आधी काय ठेवलं जायचं ते आठवा. बर्फ आणि बाटल्या असतील तर चालेल. मासे-मटण ठेवलेला असेल तर त्याला त्याच्याच कामाला राहू द्या, तो वास कितीही घासलात तरी निघत नाही.

वास घालवणं, यात घाई नको

सिगार आजूबाजूचा प्रत्येक वास ओढून घेते. नवीन प्लास्टिकचा वास आपल्याला दोन दिवसांत जाणवेनासा होतो कारण नाक सरावतं, सिगारला तशी सवय होत नाही.

कोमट पाण्यात बिनवासाच्या साबणाचे चार थेंब टाकून आतून सगळा पुसून घ्या. मग बेकिंग सोड्यात थोडं पाणी कालवून जाडसर लेप करा, तो भिंतींना, तळाला, झाकणाला आतून लावा आणि तास-दोन तास तसाच राहू द्या. गॅस्केटची खाच, बिजागरीची सांध आणि पाणी काढायचं भोक, या तीन ठिकाणी जुना टूथब्रश घालून घासा, घाण आणि वास तिथेच दडून बसतात. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा, सोड्याची पांढरी भुकटी कुठे राहायला नको. मग झाकण उघडं ठेवून दिवसभर उन्हात.

वाळला की आत वर्तमानपत्राचे चुरगाळलेले गोळे भरा आणि झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा, मग कागद बदला, परत ठेवा. अॅक्टिव्हेटेड चारकोलची पुरचुंडी मिळाली तर कागदापेक्षा ती जास्त कामाची. कॉफी पावडर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही कारण एक वास घालवून दुसरा आणायचा एवढंच त्यात होतं. ब्लीच, फिनाइल, सुवासिक लिक्विड यांना तर हातच लावू नका.

शेवटची परीक्षा अशी. बॉक्स रिकामा, झाकण बंद, रात्रभर राहू द्या. सकाळी बाहेरच्या मोकळ्या हवेत जाऊन या आणि आल्याआल्या झाकण उघडून सरळ नाक आत घाला. पहिल्या श्वासात काही जाणवलं तर अजून तयार नाही. नव्या बॉक्सला याला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात, लागू देत.

पाणी काढायचं भोक

बहुतेक बॉक्सना खाली बर्फाचं पाणी सोडायला बूच असतं. धुताना बॉक्समध्ये चार बोटं पाणी भरून बुचाखाली कोरडा कागद ठेवा आणि रात्रभर बघा. कागद कोरडा राहिला तर काही करायची गरज नाही. ओला झाला तर बुचाच्या आट्यांना प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बसवा, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. तरीही गळत असेल तरच सिलिकॉन, आणि ते फिश टँकसाठी वापरतात ते घ्या, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारी रसायनं असतात ती सिगारच्या शेजारी नकोत. सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, बॉक्स उघडा ठेवा. पुढे कधी आत पंखा बसवायचा विचार असेल तर भोक कायमचं बुजवू नका, वायर तिथूनच न्यायची असते.

लाकूड

आत लाकूड लागतंच का? खरं सांगायचं तर नाही. पण असलं की फार फायदा, कारण वर म्हटलं तसं ते पाण्याचा साठा म्हणून काम करतं, ह्युमिडिटी वरखाली झाली की झटका स्वतःवर घेतं. शिवाय तो वास.

घ्यायचं ते स्पॅनिश सीडर. नावावर जाऊ नका, ते सीडर नाही आणि स्पेनचंही नाही, अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं महोगनीच्या कुळातलं झाड आहे. कपड्यांच्या कपाटात ठेवतात ते लालसर सीडर हे वेगळंच लाकूड, त्याचा उग्र तेलकट वास सिगारमध्ये उतरला की सिगार गेली. पाइनही नको, त्यात राळ असते. प्लायवूड नको, त्यात गोंद असतो. पॉलिश किंवा व्हार्निश केलेलं काहीच नको.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रिकामे झालेले सिगार बॉक्स. ज्यांच्या आत कागद चिकटवलेला नाही असे बघून झाकणं काढा, तेच ट्रे झाले. बॉक्समधले पातळ सीडरचे पापुद्रे येतात तेही फेकू नका. तळाशी लाकडाच्या दोन-तीन पट्ट्या किंवा प्लास्टिकची जाळी ठेवा म्हणजे बॉक्स तळाला टेकणार नाहीत, खालून हवा फिरेल, आणि चुकून कधी तळाशी पाणी साठलं तर सिगार भिजणार नाहीत. भिंतींना लाकूड चिकटवायच्या भानगडीत पडू नका, नुसतं उभं टेकवून ठेवलं तरी पुरतं.

लाकूड कोरडं असेल तर आधी त्याचं सीझनिंग करून घ्या, त्याला आधीच पाणी पाजून ठेवा, म्हणजे सिगारचं पाणी ते पळवणार नाही. सगळं लाकूड बॉक्समध्ये रचा, एका वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेला नवा कोरा स्पंज ठेवा, वाटी लाकडाला टेकू देऊ नका, आणि झाकण लावून द्या. साताठ दिवसांनी बघा. सीझनिंगसाठी बोव्हेडा कंपनीच्या ओलावा देणाऱ्या ८४ टक्क्यांच्या पुड्याही मिळतात, त्या दोन आठवडे ठेवायच्या असतात, वेळ जास्त जातो पण डोक्याला ताप नाही. ओल्या फडक्याने लाकूड पुसून काढायची पद्धत सर्रास सांगितली जाते, त्याने लाकूड वाकतं आणि वरून ओलं, आतून कोरडं राहतं.

मीटर आणि मिठाची परीक्षा

हायग्रोमीटर, म्हणजे ह्युमिडिटी मोजायचा मीटर, डिजिटलच घ्या. काट्याचे गोल मीटर दिसायला झकास असतात पण आतली स्प्रिंग भरवशाची नसते, पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज दाखवतात. दोन मीटर घ्या, एक तळाशी एक वर, कारण ५० लिटरच्या बॉक्समध्ये दोन्हीकडे आकडा सारखा नसतो. मोबाइलवर ब्लूटूथने आकडा दाखवणारा असेल तर अजून छान, सारखं झाकण उघडावं लागत नाही.

पण नवा मीटर खरं बोलतोय हे कशावरून? त्यासाठी मीठ. साध्या मिठाचं गच्च संपृक्त द्रावण बंद जागेत ठेवलं की तिथली ह्युमिडिटी ७५ टक्क्यांवर स्थिरावते, आणि खोलीचं तापमान थोडं इकडेतिकडे असलं तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. बाटलीच्या बुचात मीठ भरा, त्यावर थेंब थेंब पाणी टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, मीठ विरघळून वर पाणी तरंगायला लागलं तर जास्त झालं, अजून मीठ घाला. हे बूच आणि मीटर शेजारी शेजारी झिपच्या पिशवीत ठेवा, मिठाचा कण मीटरला लागू देऊ नका, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि बंद करा. चोवीस तास हलवू नका. मग पिशवी न उघडता बाहेरूनच आकडा वाचा. ७२ दाखवत असेल तर तुमचा मीटर ३ कमी सांगतो, प्रत्येक वेळी ३ मिळवायचे. मागे पट्टी चिकटवून त्यावर लिहून ठेवा, दोन महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहतं. वर्षातून एकदा परत तपासा, सेन्सर हळूहळू सरकतात.

ओलावा कशाने द्यायचा

इथे पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येकाचे भक्त आहेत.

पहिला पर्याय म्हणजे बोव्हेडासारख्या तयार पुड्या. आत मिठाचं संपृक्त द्रावण असतं, वरचं आवरण फक्त वाफ जाऊ-येऊ देतं. हवा कोरडी झाली की पाणी सोडतात, ओली झाली की ओढून घेतात, म्हणजे दोन्हीकडून काम. पुडीवर छापलेला आकडा म्हणजे तीच ह्युमिडिटी. ६० ग्रॅमची एक पुडी २५ सिगारच्या जागेमागे असा ढोबळ नियम आहे, आणि मोठ्या जागेसाठी ३२० ग्रॅमचीही मिळते. सिगार किती आहेत ते न बघता किती मावतील ते बघून पुड्या टाका. बॉक्स घट्ट असेल तर त्याहून कमी पुड्यांवरही निभावतं, पण जास्त टाकल्याने काही बिघडत नाही, कारण पुड्या वाढल्या तरी आकडा तोच राहतो, फक्त तो लवकर गाठला जातो. वेगवेगळ्या आकड्यांच्या पुड्या एकत्र टाकू नका, ७२ ची पाणी सोडत राहते आणि ६५ ची ते पीत राहते, दोघी मिळून स्वतःच संपतात. पुडी कडक झाली, आत खडे लागायला लागले की बदला.

दुसरा, सिलिका बीड्स, म्हणजे ओलावा ओढणारे-सोडणारे दाणे. स्वस्त पडतात आणि वर्षानुवर्षं चालतात. बिनवासाची सिलिका क्रिस्टलची कॅट लिटरही (मांजराच्या शी-शूसाठी ठेवतात ते दाणे) लोक याच कामाला वापरतात, पण घेताना नीट बघा, सुगंधी नको, मातीची नको, आणि निळे दाणे असलेली अजिबात नको कारण त्या निळ्या रंगासाठी काही वेळा कोबाल्टचं विषारी संयुग वापरलेलं असतं. जाळीच्या पिशवीत भरा आणि स्प्रेने डिस्टिल्ड वॉटर मारा. पाणी प्यायलेला दाणा पारदर्शक होतो, कोरडा पांढरा दिसतो. दोन तृतीयांश पारदर्शक आणि एक तृतीयांश पांढरे असे ठेवा. सगळेच पारदर्शक केलेत तर जास्तीचा ओलावा ओढायला त्यांच्यात जागाच राहत नाही, आणि आपला मुख्य त्रास तर जास्तीच्या ओलाव्याचाच आहे.

तिसरा, हिरवा फोम आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचं द्रावण. जुनी पद्धत, ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं घेतलं की ७० च्या आसपास राहतं. पण पाणी उडतं, ग्लायकॉल मागे राहतं, प्रमाण बिघडत जातं, फोमला बुरशीही धरते. नव्याने सुरुवात करत असाल तर या वाटेला जाऊ नका.

पाणी मात्र कुठेही वापरा, डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातले क्षार दाण्यांची छिद्रं बुजवतात. फिल्टरचं आणि बाटलीतलं पिण्याचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे.

जुळवणी

आता सगळं एकत्र. तळाला जाळी, त्यावर लाकूड आणि ट्रे, पुड्या किंवा बीड्स निम्म्या खाली निम्म्या वर, मीटर दोन ठिकाणी. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते त्यामुळे पुड्या सगळ्या वरच ठेवल्या तर खालचा थर मागे राहतो. सिगार न घालता झाकण लावा आणि तीन-चार दिवस नुसतं बघत राहा. आकडा स्थिर झाला की मगच सिगार. स्थिर म्हणजे सकाळ-संध्याकाळ एक-दोन टक्क्यांत. पहिल्याच दिवशी ६१ दिसलं म्हणून पाणी शिंपडायला धावू नका, लाकूड अजून पीत असतं.

बॉक्स ठेवायचा तो ऊन लागत नाही, एसी किंवा हीटरची झोत लागत नाही, स्वयंपाकाचे वास येत नाहीत अशा जागी. बाहेरच्या भिंतीला चिकटवून नको. २१ अंश आणि ७० टक्के असताना बॉक्सचा एखादा कोपरा १५ अंशांपर्यंत गार झाला तर तिथे दव धरायला लागतं, आणि थेंब ओघळून सिगारवर पडला की डाग कायमचा. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर कुलूप लावा, निकोटीन त्यांच्यासाठी विष आहे.

सिगार आत घालताना

सिगारवरच्या सेलोफेनच्या पारदर्शक वेष्टनातून ओलावा जातो-येतो, ते काढायची गरज नाही, उलट सिगार हाताळताना वरचं पान फाटत नाही. काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या ट्यूबमधली असेल तर टोपण थोडं सैल करा. फ्लेवरवाल्या सिगार, म्हणजे व्हॅनिला, चेरी वगैरे, वेगळ्या डब्यात. एक व्हॅनिलावाली पूर्ण बॉक्सला व्हॅनिला करून सोडते.

आता किडा. तंबाखूचा भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, आणि त्याची अंडी तंबाखूच्या पानातच असू शकतात, दिसत नाहीत. सलग २४-२५ अंशांच्या वर उष्णता राहिली की ती उबण्याचा धोका वाढतो आणि अळी सिगार आतून पोखरत जाते. खूण म्हणजे टाचणीने टोचल्यासारखं स्वच्छ गोल भोक आणि खाली बारीक भुकटी. तुमच्याकडे उष्णता असेल तर सिगार आत घालायच्या आधी फ्रीझरमधून काढणं शहाणपणाचं. झिपच्या दोन पिशव्यांत, एकात एक, हवा काढून बंद करा, फ्रीझरला उणे १८ अंशांना किमान तीन दिवस, घरचा फ्रीझर सारखा उघडला जात असेल तर आठवडाभर ठेवा. मग थेट बाहेर काढू नका, एक दिवस खाली फ्रीजमध्ये, नंतर एक दिवस खोलीत, पिशवी तोवर बंदच. घाई केली तर वरचं पान तडकतं.

आणि लक्षात ठेवा, आइसबॉक्स गार करत नाही. तो फक्त तापमानाचे झटके कमी करतो. खोली आठवडाभर ३० अंशांना असेल तर आतही ३० होणारच. बर्फाची बाटली आत ठेवणं हा उपाय नाही, तिच्यावर पाणी सुटतं आणि ह्युमिडिटीचा खेळखंडोबा होतो. अशा घरात बॉक्स सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवा.

रोजचं काय

फार काही नाही. आठवड्यातून एकदा झाकण उघडून दोन मिनिटं हवा बदलू द्या, तंबाखू जुना होताना थोडा अमोनिया सोडतो तो निघून जातो. महिन्या-दोन महिन्यांनी वरचे बॉक्स खाली, खालचे वर. पंखा लावावा का? बॉक्स ठासून भरलेला असेल आणि वर-खाली चार-पाच टक्क्यांचा फरक कायम दिसत असेल तर कॉम्प्युटरचा छोटा पंखा टायमरवर, तासाला काही मिनिटं, पुरे. तसा फरक नसेल तर पंखा म्हणजे नुसती हौस. त्यापेक्षा आतले सिगार बॉक्स आइसबॉक्सच्या भिंतींपासून बोटभर लांब ठेवा आणि वर थोडी जागा सोडा.

आकडा बिघडला तर

वर गेलाय, ७२-७३ दाखवतोय: नवीन आणलेल्या सिगार बऱ्याचदा ओल्या असतात, पहिला संशय त्यांच्यावर. झाकण रोज दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा, बीड्स असतील तर थोडे कोरडे दाणे मिसळा, पुड्या फुगून टम्म झाल्या असतील तर काही काढून त्या जागी नव्या टाका. आठवडा द्या.

खाली गेलाय, ६० च्या आत: आधी झाकण आणि बूच बघा, मग पुड्या कडक झाल्यात का ते. दोन्ही ठीक असेल तर लाकूड अजून तहानलेलं आहे. कोरड्या पडलेल्या सिगार मात्र एकदम ७० मध्ये टाकू नका, आतला तंबाखू फुगतो आणि बाहेरचं पान उकलतं. त्यांना आधी ६२ मध्ये दोन-तीन आठवडे, मग ६५.

पांढरं काही दिसलं: लोक लगेच म्हणतात ही बुरशी नाही, सिगार मुरल्याची खूण आहे. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. केसाळ, ठिपक्याठिपक्यांनी, कधी हिरवट-निळसर, म्हणजे नक्कीच. फक्त वरच्या पानावर हलकीशी असेल तर ती सिगार बाहेर नेऊन, बॉक्सपासून लांब, कोरड्या कपड्याने पुसा आणि वेगळी ठेवा. पेटवायच्या टोकाकडून आत शिरलेली असेल तर फेका. बॉक्स रिकामा करून पुसून घ्या आणि आकडा ६५ च्या खाली आणा.

भोक दिसलं: ती सिगार फेकायची, आणि उरलेल्या सगळ्या, हो सगळ्याच, फ्रीझरच्या वाटेने न्यायच्या. बॉक्स आणि लाकूड झटकून, कोपऱ्यातली भुकटी काढून मगच परत भरायचं.

सिगार बरोबर आहे की नाही हे मीटरशिवायही कळतं. दोन बोटांत हलकेच दाबा, किंचित दबून परत वर आली पाहिजे. कुरकुरली तर कोरडी, मऊ पडून खड्डा तसाच राहिला तर ओली. ओली सिगार एका बाजूने जळते, ओढताना जोर लागतो, सारखी विझते, आणि तापल्यावर पान फाटतं. नवीन आलेल्या सिगार निदान तीन-चार आठवडे बॉक्समध्ये राहू द्या, प्रवासात त्यांचा ओलावा वरखाली झालेला असतो आणि बाहेरच्या पानापासून आतल्या गाभ्यापर्यंत तो सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि ७० वर ठेवत असाल तर ओढायच्या आदल्या दिवशी सिगार काढून नुसत्या लाकडी डब्यात, पुडीशिवाय, ठेवून द्या. ६५ वाल्यांनी सरळ बॉक्समधून काढायची आणि कापायची.